पुढचं डावं चाक

टाकळीच्या अनसूयाबाई गावंडे गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि चष्म्याचा नंबर नुकताच वाढला होता. शिकवायला होता पुतण्या कुलदीप. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरात त्याने काकूला व्हॅनमध्ये बसवलं, क्लच-गिअर समजावले आणि स्वतः लांब बांधावर जाऊन उभा राहिला. अनसूयाबाईंनी गाडी सुरू केली आणि थेट मळणीनंतर उरलेल्या कुटाराच्या ढिगात घातली. केसांत कुटार, पदरात कुटार, चष्म्यावर कुटार. कुलदीप धावत आला, तर आतून शांतपणे आवाज आला, "ब्रेक कुठी असते ते आता मी जन्मात भुलत नाई."

हौस म्हणून त्या शिकल्या असं नाही. गावंडेंच्या मळ्यात झेंडू, शेवंती आणि थोडा निशिगंध. फुलं संध्याकाळी तोडायची, सकाळी ऑटोत घालून मूर्तिजापूरला न्यायची आणि तिथून रेल्वेने अकोल्याला. पोतं ऑटोतून उतरताना आपटायचं, फलाटावर घसटायचं, डब्यात कोणीतरी त्यावर ऐसपैस बसायचं. जठारपेठेत शालिकरामच्या दुकानात पोहोचेपर्यंत निम्मी फुलं दबलेली असायची. शालिकराम माणूस सरळ, पण फुलांच्या बाबतीत फार कडक. दबलेलं फूल तो हातात घेई, त्याच्याकडे पाही आणि एक शब्दही न बोलता बाजूला, स्वस्तातल्या ढिगात टाकी. तो चार शब्द बोलला असता तर बरं, असं अनसूयाबाईंना वाटे.

त्यांचे यजमान शेषराव यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं, त्यामुळे त्यांनी गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून टाकल्या, आणि ही चालवायची कोणी असा विषय निघाला तेव्हा अनसूयाबाई म्हणाल्या, "मी."

शेषरावांनी विरोध केला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी फक्त एक पाळलं. बायको चालवत असताना ते त्या गाडीत कधी बसले नाहीत. अमरावतीला जायचं असलं की फाट्यावर उभे राहून एसटीने जायचे. व्हॅन त्यांच्या समोरून जायची, अनसूयाबाई हॉर्न वाजवायच्या, आणि शेषराव पलीकडच्या झाडावर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे पाहत राहायचे. पाराजवळचे लोक हे सगळं पाहत. अनसूयाबाईंनाही ते लोक पाहतात हे दिसत असे. त्या गिअर बदलून पुढे जात.

हवेचं यंत्र आणलं मुलीने. हर्षा अमरावतीला बँकेत नोकरी करते. एकदा तिने व्हॅनची चाकं पाहिली, आईच्या तोंडून रोजच्या हायवेचं वर्णन ऐकलं, आणि पुढच्या वेळी येताना एक डबी घेऊन आली. डबीत सुपारीएवढ्या चार काळ्या टोप्या, प्रत्येकीवर ती कोणत्या चाकाची त्याची बारीक खूण. चाकात जिथून हवा भरतात त्या तोंडावर एकेक टोपी बसवायची. समोर काचेखाली एक छोटा पडदा चिकटवायचा. पडद्यावर गाडीचं वरून काढल्यासारखं चित्र, चार कोपऱ्यांत चार चाकं, आणि प्रत्येक चाकाशी त्याच्यातल्या हवेचा आकडा. हवा कमी झाली की ते चाक लाल होतं आणि यंत्र पीं पीं करतं.

कुलदीप म्हणाला, "चाकाले लाथ मारली का हवा समजते, काकू. त्यासाठी मशीन कायले पायजे?"

पण अनसूयाबाईंना ते यंत्र फार आवडलं. लेकरं झोपल्यावर आई एकदा सगळ्यांच्या अंगावरचं पांघरूण पाहून घेते, तशा त्या निघण्याआधी पडद्यावरचे चारही आकडे पाहून घ्यायच्या. मगच गाडी फाट्याला लागायची.

खंडेनवमीला गावंडेंच्या घरी सगळी हत्यारं पाटावर येतात. विळे, खुरप्या, फवारणीच्या पंपाचं तोंड, हार ओवायच्या लांब सुया. यंदा अनसूयाबाईंच्या मनात आलं की वर्षभर रस्त्यावर राखण करणाऱ्या या टोप्यांनी काय घोडं मारलंय? त्यांनी चारही टोप्या उतरवून धुतल्या, तांदळावर मांडल्या, हळद-कुंकवाची चांगली जाड बोटं लावली आणि फुलं वाहिली. अंगणात त्याच आठवड्यात नालबंद येऊन बैलांना नाल ठोकून गेला होता, म्हणून बैलांनाही त्या दिवशी मान मिळाला. दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूची पोती दारात आणि सगळ्यांची तारांबळ. कुलदीपने टोप्या पटापट चाकांना बसवून दिल्या आणि गाडी अकोल्याला रवाना झाली.

दसरा होऊन थोडे दिवस गेले आणि पडद्यावर पुढचं डावं चाक लाल झालं.

अनसूयाबाईंनी उतरून पाहिलं. चाक चांगलं टणक. कुलदीपने लाथ मारून पाहिली. टणक. पंपावर जाऊन चारही चाकांत हवा भरून घेतली, तर यंत्र गप्प झालं. दोन दिवसांनी पुन्हा पीं पीं, पुन्हा पुढचं डावं. या वेळी गावातच एकट्या त्या चाकात भरली, तर आवाज थांबेना. हर्षा फोनवर म्हणाली, "आई, त्या टोपीतला सेल गेला असेल." पुढच्या डाव्या चाकाच्या टोपीत नवा सेल घातला. लाल ते लालच. भर बाजारात, सिग्नलला, देवळासमोर, कुठेही व्हॅन बोंबलायला लागायची. गावातली पोरं व्हॅन दिसली की तोंडाने पीं पीं करायची.

एका संध्याकाळी ओसरीवर शेषरावांनी विषय काढला. कुलदीप तिथेच होता.

"हर्षाची माय, ते मशीन खोटं असन तं काढून टाक. न खरं असन तं गाडीत काहीतरी खोट हाये. दोन्हीतलं काय, ते तुले सांगता येते का?"

"अजून नाई येत."

"मंग तू हायवेवर कायच्या भरोशावर जातं?"

कुलदीप घाईघाईने म्हणाला, "काका, मी चालवतो न. अकोल्याची फुलंबी नेऊन देतो, न रिकाम्या वेळात शाळेची पोट्टी." कुलदीपच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला गाडी हवी होती, इतकंच.

शेषराव थोडा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "दिवाळीचा माल अकोल्याले धड पोचला तं ठीक. वाटेत कुठी अडकली, तं पाडव्यापासून किल्ली कुलदीपची. तू घरी बसून हार ओव."

हार ओवणं वाईट आहे असं कोण म्हणेल. त्यांनी जन्मभर ओवले होते. पण ओसरीवर बसून हार ओवताना आपल्याच अंगणातून आपलीच व्हॅन दुसऱ्याच्या हाताने बाहेर जाताना पाहायची, हे चित्र रात्री जेवताना डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी समोरचं ताट सारलं. त्या दिवशी भाकरी अर्धीच राहिली.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, दिवस उगवता उगवता व्हॅन भरली. झेंडूची पोती छतापर्यंत, शेवंती टोपल्यांत वरच्या बाजूला. शेषरावांनी कुलदीपला सोबत बसवलं होतं. "काही झालं तं तू हाये," असं ते त्याला म्हणाले, आणि अनसूयाबाईंना ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणाले. आदल्या संध्याकाळी चारही चाकांत हवा भरून घेतली होती, त्यामुळे निघण्याआधी पडद्यावर चारही आकडे ठीक होते, एक जरासा कमी. पुढचं डावं.

मूर्तिजापूर यायच्या आत यंत्राने तोंड उघडलं.

"झालं सुरू," कुलदीप म्हणाला.

अनसूयाबाईंनी गाव लागताच पंक्चरच्या दुकानाशी गाडी घेतली. दिवाळीची गर्दी, चार गाड्या आधीच उभ्या. दुकानदाराने लाल झालेलं चाक कोणतं ते विचारलं, टोपी काढली, मीटर लावलं, थोडी हवा भरली, टोपी परत बसवली. सगळेच वाकून चाकाकडे पाहत होते. आत पडद्याकडे पाहायला कोणीच नव्हतं.

"बाई, हवा एकदम बराबर हाये. मशीनचं डोकं फिरलं तुमच्या."

"मी तं पयलेपासून सांगून राहिलो," कुलदीप म्हणाला.

गाव मागे पडलं तरी पीं पीं चालूच. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती, उगवतीचं ऊन आरशातून थेट डोळ्यांवर येत होतं, ट्रक घसटून जात होते. कुलदीपने खिशातून रुमाल काढला आणि पडद्यावर टाकला. "आता पाह्य, काकू. दिसलं नाई का त्रास नाई."

अनसूयाबाईंनी थोडं अंतर तशीच गाडी नेली. रुमालाखालून आवाज येतच होता, तोंड दाबलेल्या लेकरासारखा. त्यांनी डावा इंडिकेटर लावला आणि एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली.

"आता काय झालं?"

"मले एक सांग. त्या पंक्चरवाल्यानं टोपी काढली, तवा गाडीतून आवाज आलता का नाई?"

"आला असन. ते कधी गप्प राह्यते?"

"तो आवाज दुसरा होता. कोनी चिमटा घेतल्यासारखा. टोपी बसोली न मंग पुन्हा हा रोजचा सुरू झाला."

"काकू, शालिकरामभाऊ वाट पाहून राहिले असतीन. ऊन चढलं का शेवंती माना टाकीन. चाल लवकर."

अनसूयाबाई हलल्या नाहीत. त्या स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत होत्या. चारही चाकांत भरली की हे गप्प बसतं. एकट्या पुढच्या डाव्यात भरली की गप्प बसत नाही. खोटं बोलणाऱ्या यंत्राला कोणत्या चाकात हवा भरली याचं काय सोयरसुतक असणार? म्हणजे ते खोटं बोलत नाही. कोणतं तरी चाक उपाशी आहेच.

"कुलदीप, हे कसं झालं सांगू का? एक पोट्टं भुकेनं रडून राह्यलं, न आपन रोज दुसऱ्यालेच जेवू घालून राहिलो."

कुलदीपने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आता फोन करून काकांना बोलवावं की काय.

मळ्यात ठिबकच्या नळ्या पहिल्यांदा टाकल्या तेव्हा असाच घोळ झाला होता. शेवंतीचा कॉक बंद केला की पाणी झेंडूचं थांबायचं. बसवणाऱ्याने नळ्या उलटसुलट जोडल्या होत्या. तेव्हा अनसूयाबाईंनी काय केलं होतं? एकेक कॉक बंद करायचा आणि कोणती सरी कोरडी राहते ते जाऊन पाहायचं. त्यात बुद्धीचं काही नव्हतं. कोणीतरी एका टोकाला बसायचं आणि कोणीतरी दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं, एवढंच लागत होतं.

"तो रुमाल काढ," त्या म्हणाल्या. "तू आत बस न पडद्यावर नजर ठेव. काय हाललं ते मले सांग. अंदाजे नको सांगू."

पदर खोचून त्या पुढच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसल्या. टोपी फिरवून काढली. आतून तोच चिमटा घेतल्यासारखा आवाज आला.

"पुढचं डावं काय म्हनते?"

"हाये तसंच हाये. आकडा हालला नाई." मग आतून पुन्हा हाक आली. "काकू."

"काय?"

"मांगचं उजवं झिरो झालं."

"पुन्हा पाह्य."

"झिरोच हाये. तुनं पुढची टोपी काढली न मांगचं चाक गेलं."

अनसूयाबाई गुडघ्यांवरून उठल्या नाहीत. तिथेच बसल्या बसल्या हसायला लागल्या. इतके दिवस बिचाऱ्या यंत्राने घसा कोरडा केला होता, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. फक्त दोन टोप्या एकमेकींच्या जागेवर बसल्या होत्या.

दोघं मागे गेले. मागचं उजवं चाक खाली जरा फुगलेलं दिसत होतं, पण पोती लादल्यावर मागची चाकं तशी दिसतातच, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. अनसूयाबाईंनी फुलांवर शिंपडायच्या पाण्याची बाटली आणली आणि चाकावर हळूहळू ओतली. रबराच्या खाचेत एके ठिकाणी बारीक बुडबुडे यायला लागले. तिथे बोटाने चाचपलं तर लोखंडाचं गुळगुळीत डोकं लागलं.

"नालेचा खिळा," कुलदीप म्हणाला. "आपल्याच अंगणातला."

"आपल्याच."

तो चाकाकडे पाहत राहिला. मागून एक मोठा ट्रक गेला आणि व्हॅन जागच्या जागी हलली. "रुमाल टाकून तशीच नेली असती आपन, काकू," तो म्हणाला. मग रुमाल खिशात कोंबत म्हणाला, "दसऱ्याले टोप्या मीच बसोल्या होत्या."

"न कुंकू कोनं फासलं होतं? कोनती टोपी कोनत्या चाकाची, ती खून त्याच्याखालीच गेली. दोघाईचं मिळून झालं ते. जॅक काढ."

"तू बाजूले उभी राह्य. मी करतो."

"तू फुलांवर पानी मार," अनसूयाबाई म्हणाल्या. "माना टाकतीन म्हनत होता न."

गाडी शिकताना चाक बदलायला त्या शिकल्या होत्या, पण रस्त्यावर कधी वेळ आली नव्हती. पान्याने नट हलेनात. मग चप्पल काढून त्या पान्याच्या दांड्यावर सरळ उभ्या राहिल्या, एका हाताने व्हॅन धरली आणि सगळं वजन टाकलं. पहिला नट कुरकुरला आणि सुटला. दुसरा सुटला. बाजूच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया ओटीत हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"काय व माय, पडशीन न," त्यातली एक ओरडली.

"पडली तं कापसात पडतो," अनसूयाबाईंनी वरूनच उत्तर दिलं. बाया खळखळून हसल्या.

स्टेपनी उचलायला मात्र त्यांनी कुलदीपला हाक मारली. उगीच बढाई मारण्यात अर्थ नसतो. चाक बसलं, नट आवळले, जॅक उतरला. मग अनसूयाबाईंनी पदराच्या टोकाने दोन्ही टोप्यांवरचं वाळलेलं हळद-कुंकू खरवडून काढलं, खुणा पाहिल्या आणि ज्याची टोपी त्याला घातली. बाकीच्या दोन तपासल्या, त्या जागेवरच होत्या. गाडी सुरू केली. पडदा उजळला. चार आकडे, एकही लाल नाही.

कुलदीप त्या पडद्याकडे पाहत राहिला. "गप्प बसलं बॉ."

"पोट भरलं त्याचं."

जठारपेठेत शालिकराम दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता. समोर गिऱ्हाइकांची झुंबड, आणि टोपल्या जवळपास रिकाम्या. "वहिनी, मले वाटलं आज तुमी येतच नाई," एवढं म्हणून त्याने पहिलं पोतं सोडलं. मूठभर झेंडू काढला, एकेक फूल बोटांत फिरवलं. दुसऱ्या पोत्यात खोलवर हात घातला. शेवंतीच्या टोपल्या हलवून पाहिल्या. अनसूयाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या हातांवर चाकाची काळी घाण तशीच होती.

शालिकरामने फूल बाजूला टाकलं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, आज टाकाले एक फूल सापडून नाई राह्यलं. गिऱ्हाइकांले काय सांगू, स्वस्तातलं संपलं म्हनून?"

हे त्याच्या तोंडून आलेलं पहिलंच कौतुक. ते ऐकायला अनसूयाबाईंनी किती खेपा केल्या होत्या ते त्यांनाच माहीत. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. तोवर कुलदीपने दुकानातल्या सगळ्यांना चाकाची गोष्ट सांगायला घेतली होती. त्याच्या गोष्टीत घोळ आधी त्यानेच ओळखला होता, पण खिळा काकूने शोधला, आणि पान्यावर उभी राहिली ती काकूच. तेवढं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, उलट थोडं वाढवूनच सांगितलं. नट एका पायावर काढले म्हणाला.

घरी परतल्यावर अनसूयाबाईंनी व्हॅन अंगणात लावली आणि किल्ली शेषरावांच्या समोर पाटावर ठेवली. शेजारी चाकातून काढलेला नालेचा खिळा ठेवला.

"वाटेत थांबावं लागलं," त्या म्हणाल्या. "कुठी अडकली तं किल्ली कुलदीपची, असं तुमी म्हनले होते. थांबनं म्हंजे अडकनं का, ते तुमी ठरवा."

शेषराव खिळा उचलून चांगल्या डोळ्याजवळ नेऊन पाहत राहिले. कुलदीपने त्यांना सगळं सांगितलं, या वेळी एकाच पायाचं सोडून. शेषरावांनी किल्ली उचलली, खिशात टाकली आणि आत निघून गेले. लक्ष्मीपूजन झालं, फटाके झाले, किल्लीचा विषय नाही. अनसूयाबाईंनीही काढला नाही. दिवे लावताना त्यांचं लक्ष मात्र दर वेळी भिंतीवरच्या किल्लीच्या रिकाम्या खुंटीकडे जात होतं.

पाडव्याला सकाळी त्यांनी यजमानांना ओवाळलं. दरवर्षी शेषराव तबकात नवं पातळ किंवा नोट ठेवत. या वेळी त्यांनी खिशात हात घातला आणि तबकात व्हॅनची किल्ली ठेवली. किल्लीला नवीन लाल दोरा होता आणि दोऱ्याला तो खिळा बांधलेला होता, टोक कानशीने घासून बोथट केलेलं.

"पाडव्यापासून किल्ली कोनाची ते मी ठरवलं," ते म्हणाले.

दारात उभा असलेला कुलदीप म्हणाला, "मंग माहं काय?"

"तू पान्यावर उभं राहाले शिक पयले," शेषराव म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज. शेषरावांना अमरावतीला बहिणीकडे जायचं होतं. अनसूयाबाईंनाही हर्षाकडे फराळाचे डबे द्यायचे होते. त्या डबे मागे ठेवत असताना डावीकडचं दार उघडलं आणि धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात पिशवी अशा थाटात शेषराव आत येऊन बसले. जसे काही रोजच बसत असावेत. अनसूयाबाईंनी मागचं दार लावलं. त्या चालवायच्या जागेवर बसल्या, किल्ली फिरवली आणि सवयीप्रमाणे चारही आकडे पाहून घेतले.

फाट्यावर एसटीची वाट पाहणारे आणि पारावरचे, सगळे तिथेच होते. कोणीतरी म्हणालं, "शेषराव, आज एसटी नाई का?" शेषरावांनी काच खाली केली आणि निवडून आलेल्या माणसासारखा हात वर केला. अनसूयाबाईंनी हॉर्न वाजवला, जरा लांबच वाजवला.

हायवेला लागल्यावर शेषरावांची नजर काचेखालच्या पडद्यावर गेली. बराच वेळ ते वाकून एकेक चाक पाहत होते.

"हे उजवं मांगचं, तेच न?"

"तेच."

"आता बराबर जागेवर हाये?"

"हाये."

शेषरावांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, सीटला पाठ टेकली आणि बडनेरा यायच्या आत त्यांना झोप लागली.